काढलेला लिसनर निघालाच नव्हता

आज दुपारभर टीममधल्या एका नव्या मुलीसोबत बसले होते. पॉपअप उघडून बंद केला की दर वेळी पेज आणखी जड होत होतं. जावास्क्रिप्ट कोडमध्ये लिसनर (क्लिकसारखी घटना घडली की चालणारं फंक्शन) काढणारा रिमूव्हइव्हेंटलिसनर होता, एरर कुठेच नाही. मग?

लिसनर जोडताना एक अ‍ॅरो फंक्शन (जागच्या जागी लिहायचं बिननावाचं छोटं फंक्शन) लिहिलेलं, काढताना तेच पुन्हा लिहिलेलं, अक्षरन् अक्षर सारखं. पण ब्राउझर मजकूर बघत नाही, फंक्शन तेच आहे का एवढंच बघतो. पुन्हा लिहिलेलं त्याच्या लेखी वेगळंच. फंक्शन एखाद्या ऑब्जेक्टला बांधून देणाऱ्या बाइंडचंही तसंच, दर वेळी नवं फंक्शन मिळतं. आणि जुळलं नाही तर ब्राउझर चकार शब्द काढत नाही, हे मला सगळ्यात घातक वाटतं. विंडोवरचा जुना लिसनर तसाच राहतो, बंद पॉपअपचा डेटाही मेमरीत धरून ठेवतो.

(लिसनर कॅप्चर ट्रू देऊन, म्हणजे घटना आतल्या घटकापर्यंत पोहोचण्याआधीच पकडायला, जोडला असेल तर काढतानाही ट्रू द्यावंच लागतं, बरं का.)

शेवटी अ‍ॅबॉर्टकंट्रोलर (एका इशाऱ्यावर सगळे लिसनर काढून टाकू शकणारी ब्राउझरमधली सोय) वापरला. सगळ्या लिसनरना एकच सिग्नल, पॉपअप बंद होताना एकदाच अ‍ॅबॉर्ट. मेमरीचा आलेख चढायचा थांबला तेव्हा ती काय खूश झाली! उद्या चॅटच्या स्क्रीनवर हाच बदल ती एकटीने करणार आहे.