लुक्काच्या तटावरून

आज दिवसभर इटलीतल्या लुक्का गावात होतो. फ्लोरेन्सहून सकाळच्या ट्रेनने आलो, स्टेशनबाहेर पडलो आणि समोरच विटांचा भलामोठा तट. वर चढलो तर तिथे चक्क झाडांनी भरलेला रस्ता! सायकलवरची पोरं, बाकावर गप्पा मारत बसलेले आजोबा. सव्वाचार किलोमीटरची अख्खी फेरी पायी केली, जराही कंटाळा आला नाही.

सोळाव्या शतकात सुरू झालेलं हे बांधकाम पुरं व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. एवढी तयारी करूनही शत्रूचा वेढा कधी पडलाच नाही. तट कामी आला तो 1812 मध्ये, सेर्किओ नदीला पूर आला तेव्हा. दरवाजे बंद केले आणि गाव वाचलं. हे वाचल्यावर त्या विटांवरून हात फिरवल्याशिवाय राहवलं नाही.

पण जीव अडकला तो अँफिथिएटरच्या चौकात. रोमन काळातलं प्रेक्षागार गेलं, त्याच्याच पायावर लोकांनी घरं बांधली, म्हणून चौक आजही लंबगोल आहे. बाहेरून फिरलात तर घरांच्या भिंतीत जुन्या दगडी कमानी दिसतात. एका कमानीच्या वर, हिरव्या खिडकीत, कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. दोन हजार वर्षं आणि तो ओला टॉवेल! किती वेळ बघत उभा होतो.

ग्विनीजी मनोऱ्याच्या माथ्यावर ओकची झाडं आहेत, तीही पाहिली. ऑपेरा-संगीतकार पुच्चिनीचं जन्मघर बाहेरूनच.

आता परतीच्या ट्रेनमध्ये आहे. मांडीवर बुच्चेलातोची पुडी, मनुका घातलेला इथला गोड पाव. डबाभर बडीशेपेसारखा वास सुटलाय.