एमएसचा सात नंबर

मी गोल्फचे क्लब बसवून देतो. गिऱ्हाईक समोर उभं राहून चेंडू मारतं, मी त्याची उंची, उभं राहण्याची ढब, स्विंगचा वेग बघतो आणि हेड कुठलं, शाफ्ट किती वजनाचा, लांबी किती, ग्रिप किती जाड हे ठरवतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, हा सेल्समन. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस ‘हे तुमच्यासाठी नाही’ असं लोकांना पटवण्यात जातो आणि उरलेला जुन्या शाफ्टच्या टोकावरचं एपॉक्सी खरवडण्यात.

पावसाळ्याच्या तोंडावर एक काका आले. वय सहासष्ट, उंची सहा फूट, हँडिकॅप वीस, म्हणजे खेळ बेताचाच. मणक्याचं ऑपरेशन झाल्यामुळे चेंडूवर वाकायचं म्हटलं तरी जवळजवळ ताठच. आल्या आल्या म्हणाले, “फोर्ज्ड आयर्न दाखवा. कास्टिंगचं काही काढूच नका.”

आयर्न म्हणजे नंबर घातलेले धातूच्या हेडचे क्लब. फोर्ज्ड म्हणजे हेड तापवून ठोकून घडवलेलं, कास्ट म्हणजे साच्यात ओतलेलं. फोर्ज्डच हवं असं म्हणणारे रोज येतात. यूट्यूबवर कुणीतरी ‘लोण्यासारखा’ लागतो म्हणून सांगितलेलं असतं. काही जण खिशात लोहचुंबक घेऊन येतात, चिकटला तर फोर्ज्ड म्हणे! कास्ट हेडसाठी सर्रास वापरतात त्या 17-4 स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो, हे सांगितलं तर मीच काहीतरी लपवतोय असा चेहरा करतात. त्यात कंपन्यांनी या शब्दाची पार वाट लावली आहे. अख्खं हेड एका तुकड्यातून ठोकून काढलं तरी फोर्ज्ड आणि नुसता फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, ठोकून कास्ट बॉडीला वेल्ड केला तरी डब्यावर फोर्ज्डच.

काकांना मी नेहमीचा प्रश्न विचारला, “फोर्ज्डच का?”

“पस्तीस वर्षं फोर्जिंगमध्ये काढली. डाय शॉप बघायचो. कास्टिंग हातात धरायची लाज वाटते.”

हे उत्तर मला नवीन होतं. पुण्यात नोकरीची सगळी वर्षं क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, ॲक्सल बीम ठोकण्यात घालवलेली माणसं कमी नाहीत, पण त्यातलं कुणी क्लब घ्यायला माझ्याकडे आलं नव्हतं. बिलेट तापवून डायमध्ये दाबणं म्हणजे काय, हे या माणसाला जाहिरातवाल्यांपेक्षा जास्त कळत होतं. मला वाटलं, काम सोपं होणार. कुठलं काय!

आधी दोन सात नंबर दिले. पहिला आतून पोकळ, कास्ट बॉडीचा, लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कललेला असतो तो कोन, 29 अंश. दुसरा फोर्ज्ड ब्लेड, म्हणजे पातळ, भरीव, मागे खोबण नसलेला, लॉफ्ट 34. म्हणजे पाच अंशांचा फरक, आणि दोन्हींवर आकडा मात्र सातच. हा या धंद्यातला राजरोस चाललेला खेळ आहे. जुन्या पाच-सहा नंबरचा लॉफ्ट द्यायचा, त्यावर सात खोदायचा आणि गिऱ्हाईक दुकानात ‘पंधरा यार्ड वाढले’ म्हणून खूश. पुढे पिचिंग वेज आणि सँड वेज या जवळच्या फटक्यांच्या क्लबांमध्ये अंतराचं भगदाड पडतं, ते बुजवायला आणखी एक वेज विकायचा. बॅगेत क्लब चौदाच ठेवता येतात, तेव्हा तो एक वेज दुसऱ्या कुठल्या तरी क्लबची जागा खातो.

काकांचे आकडे असे आले. कास्टनं कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून गेला ते अंतर, 138 यार्ड, स्पिन, म्हणजे मिनिटाला चेंडूच्या गिरक्या, साडेचार हजारांच्या आसपास, चेंडू खाली उतरतानाचा कोन 37 अंश. ब्लेडनं नीट लागला तेव्हा कॅरी 124, स्पिन सहा हजारांवर, कोन 43. इथे शंभरातले नव्वद लोक 138 वर बोट ठेवून पाकीट काढतात. काकांनी स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, “37 अंशांनी उतरलेला चेंडू ग्रीनवर थांबेल का?”

ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत; चेंडू जितका चपटा उतरेल तितका तिथून पुढे घरंगळतो. हा प्रश्न शिकवणारे कोचसुद्धा विचारत नाहीत. आमच्याकडे येणारे एक कोच तर पोरांना पाठवताना सांगतात, ब्लेडच घे, चुका दिसल्या की सुधारशील. अवघड हत्यार दिल्यानं स्विंग सुधारलेला मी तरी बघितलेला नाही. सोडून दिलेला गोल्फ पुष्कळ बघितलाय.

पण ब्लेड काकांच्या कामाचा नव्हताच. टोकाकडे लागला की 124 चे 105 होत होते. कास्ट तिथेही 128 देत होता. क्लबच्या मागे खोबण करायची, वजन कडेला न्यायचं, म्हणजे चेंडू मध्यावर न लागताही हेड हातात फारसं फिरत नाही. क्लब बनवणाऱ्या पिंग कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइम या इंजिनियरनं हे रुजवलं, आणि 1982 च्या त्यांच्या आय-2 आयर्ननंतर तर बघायलाच नको. ओतकामात वजन हवं तिकडे नेता येतं, ठोकून ते तितकं सहज होत नाही. मी मधला मार्ग काढला, फोर्ज्डच पण मागे खोबण असलेला.

काकांनी हेड उलटं करून अंगठा फिरवला. “हा खड्डा डायमध्येच आलाय की मागाहून?”

“ठोकून झाल्यावर मिलिंग.”

“मग चालेल.”

फोर्ज्डचा ‘फील’ हवा म्हणणाऱ्यांची मी एक चाचणी घेतो, ती काकांचीही घेतली. साधारण सारख्याच आकाराचे दोन सात नंबर, एक फोर्ज्ड, एक कास्ट, मागच्या बाजू टेपनं झाकलेल्या. कानांवर मोठे हेडफोन आणि त्यात दणदणीत आवाजात ढोल-ताशा. आमच्या मदतनीस पोराकडे विसर्जन मिरवणुकीचं एक रेकॉर्डिंग आहे, चेंडूचा आवाज त्यातून ऐकू येणं शक्यच नाही. हा पोरगा आधी कॅडी होता. पडद्यामागे उभा राहून नुसत्या आवाजावरून तो सांगतो, चेंडू फेसच्या कुठल्या भागावर लागला. मशीन तेच सांगायला लाखांत पैसे घेतं. त्याला मैदानावर काय मिळत होतं, ते इथे लिहीत नाही.

काकांनी वहीत स्वतः रकाने आखले. प्रत्येक फटक्यानंतर ‘फो’ किंवा ‘का’ लिहायचे, पोरगा खरं काय ते वेगळं टिपून ठेवायचा. शेवटी दोन्ही वह्या जुळवल्या तर काका जितके बरोबर तितकेच चूक. नाणं उडवलं असतं तरी हाच निकाल आला असता. हेडफोन काढले, आणि मग एकही चुकला नाही.

“म्हणजे मी कानानं खेळतो,” काका म्हणाले. रागावले नाहीत. मी सांगितलं, चेंडू फेसवर असतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेळ. हाताकडून मेंदूला कळेपर्यंत तो कधीच निघून गेलेला असतो. उरतात मुठीत आलेली कंपनं आणि आवाज. आवाज धातूपेक्षा हेडच्या आकारावर जास्त ठरतो. पोकळ हेड वेगळं वाजतं, भरीव वेगळं.

मला वाटलं, आता काका कास्ट घेतील. त्यांनी ऑर्डर दिली नाही. माझ्या भंगाराच्या खोक्यातलं एक फोर्ज्ड हेड मागितलं, पोचे पडलेलं, जपानी, जुनं. घेऊन गेले.

काही दिवसांनी आले ते रुमालात गुंडाळलेला एक तुकडा घेऊन. हेड मानेपासून सोलपर्यंत, म्हणजे तळापर्यंत, उभं कापलं होतं. कापलेली बाजू पॉलिश करून गरम हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवली होती. कारखान्यात फोर्जिंग तपासायला हेच करतात म्हणे. राखाडी पृष्ठभागावर बारीक रेघा उठल्या होत्या, नखाला जेमतेम जाणवतील इतक्या. फेसच्या मागून त्या शेजारी शेजारी खाली जात होत्या. वर मानेपाशी मात्र सगळ्या मिळून वळून शाफ्टच्या भोकाच्या दोन्ही अंगांनी चढत होत्या, मध्ये कुठेही न तुटता. जाहिरातीत ‘ग्रेन फ्लो’ म्हणून चित्र काढतात ते. मी इतकी वर्षं हा शब्द गिऱ्हाइकांना ऐकवतोय, वस्तू पहिल्यांदा बघत होतो.

काकांनी सोलच्या कडेला नख टेकवलं. तिथे रेघा एकदम बाहेर येऊन संपत होत्या. “इथे फ्लॅश कापलाय. दोन डाय मिटताना जादा माल कडेनं बाहेर येतो, तो ट्रिम केला की रेघा उघड्या पडतात. पण मान बघा. बार आधी वाकवून मग डायमध्ये ठेवलाय. नीट काम आहे.” एवढी दाद त्यांनी माझ्या दुकानातल्या दुसऱ्या कशालाच दिली नव्हती.

“आणि स्टील?”

“जुन्या लॅबमधून करून घेतलं. कार्बन शून्य पॉइंट दोनच्या आसपास.” थांबले. “एमएस आहे हो. माइल्ड स्टील. याची आम्ही फाटकं करतो.”

एस20सी, एस25सी ही जपानी स्टीलची नावं मी मंत्रासारखी म्हणायचो. त्यातला आकडा म्हणजे कार्बनचं प्रमाण, 0.20 टक्के, 0.25 टक्के, हे ठाऊक होतं. पण जपानच्या ह्योगो प्रांतातलं इचिकावा, हिमेजी, हिरोशिमाचं फोर्जिंग वगैरे सांगून झाल्यावर गिऱ्हाइकाला ‘फाटकाचं लोखंड’ कोण सांगेल?

मी म्हटलं, या रेघांनी काही फरक पडतो का? काका हसले. क्रँकशाफ्टला पडतो. तो कोट्यवधी वेळा पिळला जातो, तिथे रेघा तुटलेल्या असतील तर आज ना उद्या त्याच जागी तडा जाणार. “या मानेला जन्मात असे किती झटके बसणार? ओतलेली असती तरी टिकलीच असती.”

“मग फोर्ज्ड कशासाठी घेताय?”

“माझं माप कधी काढताय?” त्यांनी विचारलं.

माप काढलं. मला कामातला सगळ्यात आवडणारा भाग हाच. चेंडूवर मार्करनं जाड उभी रेघ मारायची, ती रेघ फेसकडे करून चेंडू ठेवायचा आणि मारायला सांगायचं. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. ठसा उभा आला तर क्लबचा लाय, म्हणजे शाफ्टनं जमिनीशी केलेला कोन, बरोबर. काकांचा ठसा प्रत्येक वेळी कललेला. ताठ उभे राहत असल्यामुळे त्यांचे हात उंच, मग क्लबचं टोक खाली जाऊन जमिनीला घासायचं आणि चेंडू उजवीकडे सुटायचा. लॉफ्ट असलेल्या क्लबला लाय एका अंशानं चुकला तर सात नंबरच्या अंतरावर तीन-चार यार्ड दिशा जाते. काकांना तीन अंश जास्त उभा लाय लागत होता. आजवर बारा यार्ड उजवीकडे जाणारा चेंडू ते खांदे फिरवून डावीकडे ओढत होते. त्या पाठीनं!

तीन अंश 17-4 च्या कास्ट हेडला मी वाकवत नाही. दोनच्या पुढे गेलं की कधी मान सोडते, सांगता येत नाही, आणि सुटलेली मान गिऱ्हाइकाच्या पैशाची असते. फोर्ज्ड मात्र वाकतं. हेड मशीनमध्ये आवळायचं, मानेवर पितळी जबड्याची लांब दांडी चढवायची आणि एकदाच, न अडखळता, ओढायची. हिसका दिला तर मानेवरचं क्रोम सुरकुततं. लाय वाकवताना लॉफ्ट हलला नाही ना हेही बघायचं, कारण लॉफ्ट एक अंश कमी झाला की सोलचा बाउन्सही, म्हणजे तळाला रुतू न देणारा उतार, एक अंशानं जातो आणि क्लब मातीत रुतायला लागतो.

दांडी मी कुणालाही देत नाही. नऊ नंबरच्या वेळी काकांनी हात पुढे केला आणि मी दिली. लाय 63.5 चा 66.5 करायचा होता. काका म्हणाले, “67 ला नेतो, अर्धा परत येईल.” पाय रोवले, ओढलं, गेजचा काटा 67 ला गेला. दांडी सैल सोडल्यावर परत येऊन 66.5 वर थांबला. पोरानं शिट्टी वाजवली.

मग चेंडू मारला. ठसा उभा.

“हे कारण पुरेसं आहे,” काका म्हणाले. “मऊ आहे म्हणून वाकतो. रेघाबिघा सोडा.”

सहा नंबरपासून वेजपर्यंत फोर्ज्ड घेतले, पाठीसाठी 95 ग्रॅमचे शाफ्ट. पाच नंबरऐवजी हायब्रिड, म्हणजे लांब आयर्नपेक्षा मारायला सोपा क्लब, घ्या हे पटवायला एक चहा लागला. सात नंबरला 138 ऐवजी 124 च जातात, पण ग्रीनवर थांबतात. हे लॉफ्टनं आणि लायनं झालंय की कानाला बरं वाटल्यानं हात सैल सुटतोय, यावर आमचं एकमत नाही. मी लाय म्हणतो. काका म्हणतात, कास्ट हेड तेवढंच वाकवून दाखवा, मग बोलू. ते वाकणार नाही हे त्यांनाही माहीत आहे.

इथवर सगळं ठीक होतं. पण गेल्या महिन्यात त्यांच्या क्लबमधले तिघं वेगवेगळ्या दिवशी माझ्याकडे आले. तिघांनाही फोर्ज्ड हवे, तिघंही मानेतल्या रेघांबद्दल बोलत होते. ‘न तुटलेला ग्रेन’ हे शब्द जसेच्या तसे. एकाचा फटका दहातून आठ वेळा टोकाला लागतो, दुसऱ्याचा वेग इतका कमी की त्याला पोकळ कास्टशिवाय गत नाही, तिसऱ्याचा लाय मुळातच बरोबर. चौकशी केली तर कळलं, काकांनी तो कापलेला तुकडा बॅगेच्या कप्प्यात ठेवलाय आणि टी-बॉक्सवर वाट बघायची वेळ आली की बाहेर काढून दाखवतात.

मी फोन केला. म्हटलं, तुम्हीच सांगितलंत, रेघांचा काही संबंध नाही.

“नाहीच. त्यांना वाकवायची गरज आहे का तेवढं बघा. नसेल तर सरळ कास्ट द्या.”

“मग तो तुकडा दाखवणं बंद करा.”

“ते जमायचं नाही,” काका म्हणाले.