डाग खाली, गळती वर: आमच्या ८००चा ऑइल लिकेज

आमची मारुती ८०० आहे १९९९ सालची. कार्बोरेटरवाली, एमएच ०९ नंबरची, २०२४ मध्ये तिसऱ्यांदा पासिंग करून घेतलेली. आप्पा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते, त्यांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून घेतली. आता त्यांना डोळ्यांमुळे चालवता येत नाही, म्हणून शाळेला जायला-यायला मीच चालवते. या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबलं. पण आमच्या घरात ती अजून रोज लागते, आणि तिची काळजी घेणं आम्हाला ओझं वाटत नाही.

पाऊस उघडला तेव्हा सोप्यासमोरच्या शहाबादी फरशीवर एक काळा डाग दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा. पावसाळाभर फरशी रोज धुतली जात होती, त्यामुळे गळती कधीपासून चालू होती कोण जाणे. डिपस्टिक (इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी) काढली तर ऑइल दोन खुणांच्या मध्यावर आलं होतं. महिन्याभरापूर्वी मीच ते वरच्या खुणेपर्यंत भरलं होतं. चालवताना जळका वास येत नव्हता, म्हणजे ऑइल सायलेन्सरच्या गरम पाइपवर तरी पडत नव्हतं. मागून निळसर धूरही नव्हता. ऑइल जळत नव्हतं, गळतच होतं.

जवळच्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडून वरूनच पाहिलं, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, कडेला बोट फिरवलं, बोट काळं झालं. "ताई, पॅकिंग गेलंय." पॅकिंग बदललं, मजुरीसकट साडेसहाशे रुपये दिले. पंचवीस वर्षांच्या गाडीत ते पॅकिंग कडक झालेलंच असतं, त्यामुळे तो खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण चौथ्या दिवशी डाग पुन्हा तिथेच.

मग दुसरीकडे, जिथे लिफ्ट आहे तिथे दाखवली. गाडी वर चढवली आणि मिस्त्रींनी टॉर्च मारला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना जोडले जातात त्या सांध्याच्या तळाला थेंब लोंबत होता. "क्रँकचं मागचं ऑइल सील. गिअरबॉक्स उतरवायला लागणार. उतरवलाच तर क्लच प्लेटबी टाकून घ्या." अंदाज साडेनऊ हजारांचा. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. क्रँक म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, तो जिथून बाहेर येतो तिथली रबरी कडी म्हणजे हे सील. ते गेलं तर ऑइल बरोबर त्याच जागेतून खाली येतं, आणि गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय त्या सीलपर्यंत पोचता येत नाही, म्हणून मजुरीच जास्त लागते. त्याच दुकानात कुणीतरी गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये ओता असंही सुचवलं. ते औषध रबर फुगवून आणि मऊ करून काम करतं. गळती कुठून आहे ते मात्र त्यानं कळत नाही. मी नको म्हटलं.

घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मग म्हणाले, "अगं, तेल वरनं खाली येतंय, खालनं वर जात न्हाई. खाली दिसलं म्हणून खालचंच सील कसं म्हणायचं? आधी इंजिन धुवून कोरडं कर. मग बघू या की."

पुढचे तीन रविवार मी त्यांच्या या एका वाक्यावर काम केलं.

पहिला रविवार धुण्यातच गेला. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधलं. मग डिझेल, दाढीचा जुना ब्रश, बाटल्या घासायचा लांब ब्रश आणि कॉटन वेस्ट. प्रेशरच्या पाण्याने धुऊन आणली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं, पण जुन्या गाडीत पाणी वायरिंगमध्ये आणि प्लगच्या खोबणीत शिरलं की नवीनच दुखणं मागे लागतं. वर्षानुवर्षांची धूळ ऑइलमध्ये भिजून खरवडीसारखी चिकटली होती, ती लाकडी चमच्याच्या टोकाने काढावी लागली. खाली पत्र्याचा ट्रे ठेवला होता. निघालेलं काळं डिझेल डब्यात भरून नंतर गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात नेऊन ओतलं. आमच्याकडची गटारं शेवटी पंचगंगेलाच मिळतात, त्यात मी ते ओतणार नव्हते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवला नाही; आप्पांनी उद्यमनगरातून दोन लोखंडी घोड्या आणवल्या आणि त्या लावल्याशिवाय मला खाली सरकू दिलं नाही.

रात्रभर इंजिन वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली पसरला आणि पुढच्या दोन्ही चाकांची जागा त्यावर पेनने आखून घेतली, म्हणजे थेंब इंजिनच्या नेमक्या कोणत्या भागाखाली पडतो ते कळेल.

आठवडाभर रोज सकाळी पुठ्ठा पाहायचा, तारीख लिहायची. थेंब दर वेळी गिअरबॉक्सच्या सांध्याखालीच. आधी एक शंका मिटवून घेतली: हे गिअर ऑइल तर नाही? बोटावर घेऊन वास घेतला. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. याला तसा वास नव्हता, रंगही डिपस्टिकवरच्या ऑइलसारखाच. म्हणजे इंजिनचंच.

दुसऱ्या रविवारी पांढरा टिश्यू पेपर घेऊन एकेक जागा पुसत गेले. चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन प्लग कोरडा. ऑइल फिल्टरची कड कोरडी. ऑइल प्रेशरचा स्विच, ज्यातून जुन्या गाड्यांमध्ये हमखास पाझरतं, तोही कोरडा. टायमिंग बेल्टच्या कव्हरखाली काही नाही, म्हणजे पुढची सीलं ठीक. नवं टॅपेट पॅकिंगही कोरडं. टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरकडे जाणारी ब्रीदरची नळी मात्र दाबून पाहिली तर आत चिखलासारखा गाळ. ही नळी तुंबली की इंजिनच्या पोटात (क्रँककेसमध्ये) हवेचा दाब साठतो आणि तो दाब जिथे रबर कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. नवं सील घातलं तरी नळी तुंबलेलीच राहिली तर तेही टिकत नाही. नळी काढून पेट्रोलने धुतली, वाळवली, लावली. थेंब थोडा कमी झाला, थांबला नाही.

मग पावडर, म्हणजे ऑइल जिथून येतं तिथे ती ओली होऊन वाट दिसेल. आईच्या डब्यातली साधी टाल्कम पावडर पातळ सुती कापडात घालून पुरचुंडी बांधली आणि इंजिनच्या मागच्या बाजूला, हेड (इंजिनचा वरचा भाग), ब्लॉक (त्याखालचा मुख्य भाग), गिअरबॉक्सच्या वरच्या भागावर हलक्या हाताने आपटत गेले. बेल्ट, अल्टरनेटर आणि कार्बोरेटरचं तोंड टाळायचं, एवढं पथ्य. काळपट ॲल्युमिनिअमवर पांढरा थर बसला. रंकाळ्याला एक फेरी मारून आले आणि बॉनेट उघडलं. काहीच नाही, सगळं पांढरंच्या पांढरं.

मला वाटलं, खरंच मागचंच सील असणार. आप्पा म्हणाले, "रंकाळ्याला इंजिनला काय काम पडलं? चढ दे." खरं होतं. इंजिन तापून ऑइल पातळ होतं, जोर पडला की आतला दाबही वाढतो. तेव्हाच जे पाझरतं ते सपाट रस्त्यावर दहा मिनिटांत दिसत नाही. मग शिवाजी पूल ओलांडून केर्लीवरून जोतिबाच्या डोंगरावर गेलो. आप्पा शेजारी, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. वर दहा मिनिटं थांबलो, पायथ्यापर्यंत उतरून पुन्हा चढलो, मग घरी.

बॉनेट उघडलं. पुढून पाहिलं तर पावडर तशीच. मग आईचा हातआरसा डिस्ट्रिब्युटरच्या मागे धरला आणि मोबाइलचा टॉर्च त्याच्यावर मारला. आरशात दिसलं. डिस्ट्रिब्युटर ज्या केसमध्ये उभा बसतो त्या केसच्या तोंडाशी, मानेभोवती, पावडर ओली होऊन करडी झाली होती, आणि तिथून बोटाएवढा रुंद काळा ओघळ हेडच्या मागून खाली निघाला होता. तो हेड आणि ब्लॉकच्या कडेवर जरा आडवा पसरला होता, मग गिअरबॉक्सच्या डोक्यावर उतरून त्याच्या वळणाने बरोबर खालच्या सांध्याकडे गेला होता. ओघळाच्या दोन्ही बाजूंना पावडर जशीच्या तशी कोरडी. वर कुठेही ओल नाही. मी आरसा आप्पांच्या हातात दिला. त्यांना नीट दिसेना, म्हणून फोटो काढून मोठा करून दाखवला. ते बराच वेळ बघत होते.

त्या केसमध्ये कॅमशाफ्टवरून (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरून) फिरणारे गिअर असतात आणि त्यांच्यासाठी ऑइल असतं. ते बाहेर येऊ नये म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या मानेवर एक ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, असते. एवढीच वस्तू.

डिस्ट्रिब्युटर काढणं हे खरं जोखमीचं काम. इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, त्याच्याच बसण्यावर असतं. काढण्याआधी केस आणि डिस्ट्रिब्युटरच्या कडेवर नेलपॉलिशची एक रेघ ओढली, टोपी काढून आतल्या फिरणाऱ्या रोटरचं तोंड कुठे आहे त्याचे दोन बाजूंनी फोटो घेतले. बोल्ट काढून डिस्ट्रिब्युटर वर ओढला तर रोटर थोडा फिरला, कारण गिअरचे दाते तिरपे असतात. बाहेर आल्यावर तो जिथे थांबला तिथेही खूण केली. त्यानंतर इंजिनला कुणी हात लावायचा नाही, किल्लीही घरात.

जुनी रिंग खाचेतून सुईने उचलली. नवी रिंग कापली तर तिचा काप गोल दिसतो. ही बाहेरच्या अंगाने पार चपटी झाली होती, इंग्रजी डी अक्षरासारखी. केसच्या भिंतीला ती टेकतच नसणार. बोटांत धरून जरा वाकवली तर काचेच्या बांगडीसारखी टक्कन तुटली. रबर होतं ते, पंचवीस वर्षांच्या उष्णतेने प्लास्टिकसारखं कडक झालेलं.

रिंगेसाठी आप्पा स्वतः उद्यमनगरात आले. तिथे पंपांच्या आणि इंजिनांच्या कामामुळे सील-रिंगांची दुकानं जुनी आहेत. आप्पांनी खिशातून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) काढून खाचेचं माप सांगितलं. दुकानदाराने विचारलं, काळी नायट्राइल देऊ की तपकिरी व्हायटन? नायट्राइल साधारण शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत बरी राहते, व्हायटन दोनशेपर्यंत. हेडला चिकटलेल्या जागी व्हायटनच घ्यायची असं आप्पांनी ठरवलं. ऐंशी रुपयांना दोन आणल्या, एक जपून ठेवायला.

नव्या रिंगेला ऑइल चोळलं, केसमध्ये थोडं ताजं ऑइल सोडलं, डिस्ट्रिब्युटर खाली बसवला, रेघ रेघेला जुळवली. सेल्फ मारला तर कार्बोरेटरमधून फट्कन आवाज आला आणि इंजिन बंद. माझे हात गार पडले. आप्पांनी फोटो मागितला. बाहेरून रेघ जुळत होती, पण रोटर फोटोतल्यापेक्षा एका दात्याने पुढे होता. पुन्हा काढला, रोटर दुसऱ्या खुणेवर धरून हळू खाली सोडला, तो फिरत फिरत बरोबर जागी येऊन बसला. या वेळी पहिल्या सेल्फला सुरू झाली. तरी दुसऱ्या दिवशी पहिल्या गॅरेजमध्ये जाऊन टायमिंग लाइटने तपासून घेतलं. डोळ्यांनी लावलेल्या टायमिंगवर गाडी चालते, पण चढावर खडखडते आणि पेट्रोल जास्त खाते.

पहिले तीन दिवस पुठ्ठा कोरडा. चौथ्या दिवशी एक थेंब. त्या दिवशी शाळेत माझं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी आरसा घेऊन पाहिलं, डिस्ट्रिब्युटरची मान कोरडी होती. गिअरबॉक्सच्या खाचेत साठून राहिलेलं जुनं ऑइल हळूहळू उतरत होतं. ती खाच पुसून घेतली. पुढे थेंब आला नाही.

ज्यांनी गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं होतं त्या मिस्त्रींना मी फोटो नेऊन दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले आणि म्हणाले, "ताई, हे मला पाठवा. पोरांना दाखवतो."

तेव्हापासून अकराशे किलोमीटर झाले. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपासून केसभर खाली आहे, तेवढं जुन्या इंजिनात चालतं. फरशीवरचा डाग चुना आणि सोडा लावून दोनदा घासला, फिका झाला, गेला नाही. गाडी आता एक फूट पुढे लावते, म्हणजे जुना डाग आणि नवा थेंब यांची गल्लत व्हायची नाही. पुठ्ठा अजून खाली आहे. सकाळी देवपूजेची फुलं तोडायला बाहेर पडलं की आप्पा आधी वाकून तो बघतात.