चहाबरोबर घेतलेली लोहाची गोळी

प्रयोगशाळेतील नोकरी सांभाळून मी गेल्या दीड वर्षापासून नागपुरात पोषणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकातील ज्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते लोहाच्या शोषणाचे होते, कारण ते वाचताना आईचे नऊ वर्षांपूर्वीचे रक्ताचे अहवाल माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

तेव्हा आईचे हिमोग्लोबिन 8.4 होते. घराजवळच्या एका दवाखान्यातून तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि चार महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तर आकडा 8.7. ‘तुम्ही गोळ्या नीट घेत नाही’, असे तिला तिथे सुनावण्यात आले आणि घरी मीही तेच म्हणाले, याचे मला आजही वाईट वाटते. आईने एकही गोळी चुकवली नव्हती. उपाशीपोटी मळमळते म्हणून ती दुपारच्या जेवणानंतर चहाच्या कपाबरोबर गोळी घेत असे, आणि सकाळची आम्लपित्ताची गोळी तर कित्येक वर्षांपासून चालूच होती. या दोन्ही गोष्टी तिला कोणी विचारल्याच नाहीत.

धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतील लोह बहुतांशी फेरिक स्वरूपात असते आणि या स्वरूपात ते आतड्याच्या पेशीत शिरू शकत नाही. जठरातील आम्लामुळे ते विरघळलेले राहते. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, पेशीच्या पृष्ठभागावरील एक विकर त्याचे फेरस स्वरूपात रूपांतर करते आणि मगच एक वाहक प्रथिन त्याला आत घेते. क जीवनसत्त्व हेच रूपांतर सोपे करते. चहातील टॅनिन मात्र लोहाला असे जखडून ठेवते की ते विरघळतच नाही आणि तसेच बाहेर पडते. गोळीतील लोह फेरस असले, तरी आम्ल कमी पडले की तेही पुन्हा फेरिक होऊ लागते. म्हणजे आम्लपित्ताच्या गोळीमुळे आईच्या लोहाच्या गोळीला पोटात आम्ल पुरेसे मिळत नव्हते आणि वरून चहा पडत होता.

नागपूरकरांच्या ओळखीचे उदाहरण द्यायचे, तर तर्री-पोह्यांचे देता येईल. तर्रीतल्या हरभऱ्यात लोह आहे, पण त्यातच फायटेट नावाचे द्रव्यही आहे आणि ते लोहाला धरून ठेवते. प्लेट हातात आल्यावर आपण वरून कच्चे लिंबू पिळतो; त्या रसाला शिजवण्याची आच लागलेली नसल्यामुळे त्यातले क जीवनसत्त्व शाबूत असते आणि फायटेटची पकड ते बरीच सैल करते. नंतर त्याच ठेल्याशेजारी उभे राहून आपण चहा घेतो. जेवणाबरोबरच्या एका कपाने शोषण निम्म्याहून अधिक घटू शकते, आणि तोच कप तासाभराने घेतला तर हे नुकसान बरेच टळते. चहा सोडा असे मी कोणालाही सांगत नाही, कारण ते कोणी ऐकणार नाही. वेळ बदला, एवढेच सांगते.

या विषयात मला सर्वांत विलक्षण वाटते ती शरीराची काटकसर. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. त्या मेल्यावर प्लीहेतील भक्षक पेशी त्यांच्यातील लोह काढून पुन्हा वापरात आणतात आणि अशा रीतीने रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह शरीरातच फिरत राहते. बाहेरून रोज लागते ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय मात्र शरीराजवळ नाही, हे मॅकान्स आणि विडोसन या ब्रिटिश संशोधकांनी 1937 साली दाखवून दिले. म्हणून सारे नियंत्रण आत घेण्याच्या टप्प्यावरच असते. यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक ती दारे बंद करते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी 2015 साली, लोहाचा साठा कमी असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये, गोळी घेतल्यावर हेप्सिडिन वाढते आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतील लोह कमी प्रमाणात शोषले जाते, असे दाखवले. अंगात दाह किंवा संसर्ग असला तरी हेप्सिडिन वाढते, आणि मग पालक, बीट, गूळ यांचा कितीही मारा केला तरी फारसे काही हाती लागत नाही.

विदर्भासाठी एक गोष्ट आवर्जून लिहायला हवी. आपल्याकडे सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, आणि त्या आजारातील रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळेच असतो असे नाही. ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांच्या शरीरात तर लोह साठून अपाय होतो. त्यामुळे फिकट चेहरा दिसला की लोहाची गोळी, ही सवय इथे धोक्याची आहे. आधी तपासणी झालीच पाहिजे.

या जानेवारीत आईचे हिमोग्लोबिन पुन्हा 8.9 वर आले, तेव्हा तिला घेऊन मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. पोटात कुठे रक्त झिरपत नाही ना, हे त्यांनी आधी तपासले, नंतर आम्लपित्ताची गोळी बंद करता येते असे पाहून ती थांबवली आणि लोहाची गोळी सकाळी घ्यायला सांगितली. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री बाजारात आली होती. आई गोळीबरोबर एक संत्रे सोलून खाई आणि दीड तासाने चहा घेई. गोळीच्या बाबतीत संत्र्याचा लाभ जेवणातल्या लोहाइतका मोठा नसतो. खरा फरक चहाची वेळ बदलल्याने आणि ती आम्लपित्ताची गोळी थांबल्याने पडला, असे माझे मत आहे.

मेमध्ये अहवाल आला: 11.3. मी आईला म्हटले, “तेव्हाही तू गोळ्या नीटच घेत होतीस.” ती म्हणाली, “मी तर सांगतच होते तुला.”

फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, अजून कमी आहे, म्हणून गोळी आणखी तीन महिने चालू राहणार आहे. संत्र्यांचा हंगाम संपल्यामुळे सध्या तिच्या पेल्यात लिंबू पिळलेले पाणी असते.