डेट्रॉईटची डायना रॉस, ग्रुप सोडल्यानंतरची

इकडे मिशिगनमध्ये आपली मराठी माणसं भरपूर आहेत, बरीचशी गाड्यांच्या कंपन्यांमुळे आलेली, पुण्या-चिंचवडहून थेट नोव्हाय नाहीतर ट्रॉयला. पण भारतातून आईबाबा आले की त्यांना नायगारा दाखवतात, शिकागो दाखवतात आणि डेट्रॉईटमधलं वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं ते पांढरं-निळं घर राहूनच जातं. मी तर येईल त्याला आधी तिथे नेते. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर कर्ज घेऊन मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली ती याच घरात, आता तिथे म्युझियम आहे. स्टुडिओ इतका लहान आहे की इथून अख्ख्या जगात गाणी गेली हे पटतच नाही.

गायिका डायना रॉस याच शहरातली. शाळेत असताना ती ब्रूस्टर-डग्लस नावाच्या सरकारी वसाहतीत राहायची, त्या इमारती आता पाडल्यात. कॅस टेक शाळेत ती कपड्यांचं डिझाईन शिकली, हे लक्षात ठेवा, पुढे सांगते का ते. मोटाऊनच्या सुप्रीम्स या मुलींच्या ग्रुपमधून तिने बारा नंबर वन गाणी दिली आणि जानेवारी १९७० मध्ये लास व्हेगासला शेवटचा शो करून ग्रुप सोडला. बहुतेकांना तिची सुप्रीम्सची गाणी माहिती असतात, किंवा मग एकदम ‘एंडलेस लव्ह’, पण खरी डायना मला तिच्या एकटीच्या अल्बममध्ये भेटते, आणि तेही एक-एक गाणं नाही, अख्खा अल्बम सलग ऐकला की.

पहिला अल्बम १९७० चा, नुसतं ‘डायना रॉस’ नाव. ॲशफर्ड आणि सिम्पसन या जोडीने केलेला. त्यातलं ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ आधी मार्विन गे आणि टॅमी टेरेलने गायलेलं होतं, छोटंसं, पळतं. इथे ते सहा मिनिटांच्या वर जातं. सुरुवातीला डायना गातच नाही, बोलते, अगदी कानाशी बोलल्यासारखी, मागे कोरस हळूहळू चढत जातो आणि ज्या ओळीसाठी आपण थांबलेलो असतो ती येते पार शेवटाकडे. बेरी गॉर्डीला हे अजिबात आवडलं नव्हतं, मुख्य ओळ आधी यायला हवी असं त्याचं म्हणणं. पण रेडिओवाल्यांनीच ते लांबलचक गाणं स्वतः कापून वाजवायला सुरुवात केली, मग कंपनीने छोटं करून सिंगल काढलं आणि ते नंबर वनला गेलं. मला विचाराल तर छोटं ऐकूच नका, ती वाट बघायला लावण्यातच त्या गाण्याचा जीव आहे.

मधली वर्षं वरखाली आहेत. ‘टच मी इन द मॉर्निंग’ सुंदर. सिनेमातल्या जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या भूमिकेमुळे तिला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, त्याच सुमारास तिने जॅझचा ‘ब्लू’ नावाचा अल्बम केला तो मात्र कंपनीने दाबून ठेवला, निघाला थेट २००६ ला! इतका चांगला आवाज एवढी वर्षं कपाटात, वाईटच वाटतं.

आणि मग १९८० चा ‘डायना’. शीक बँडचे नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी केलेला. त्यांनी बास-गिटारला भरपूर जागा दिली, डायनाला ते पटलं नाही, मग मोटाऊनचा इंजिनिअर रस टेराना आणि तिने मिळून अख्खा अल्बम पुन्हा मिक्स केला, आवाज पुढे आणला, लांब वाजवलेले तुकडे कापले. रॉजर्स आणि एडवर्ड्स चांगलेच नाराज झाले. पण ‘अपसाईड डाउन’ चार आठवडे नंबर वन होतं. मूळ मिक्स २००३ मध्ये बाहेर आलं, दोन्ही ऐकता येतात. नाचायला मूळचं छान आहे, ते मान्य, पण मी डायनाच्या बाजूची आहे. अल्बमवर नाव तिचं, मग आवाज मागे का ठेवायचा?

आता कपड्यांचं. सुप्रीम्स म्हणजे टिकल्यांचे झगमगते गाऊन आणि भारी विग. आणि या दोन अल्बमची कव्हरं बघा, पहिल्यावर साधी हाफ पँट-टीशर्ट, १९८० च्या वर जीन्स आणि ओले केस. दोन्ही वेळा तिने झगमगाट बाजूला ठेवला आणि त्या दोनच वेळा, माझ्या मते, अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसंध झालाय.

यानंतर तिने मोटाऊन सोडली, आरसीए या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेली. तिथली गाणी सुटी सुटी चांगली आहेत, अल्बम म्हणून तितकी नाही. पण १९८४ च्या ‘स्वेप्ट अवे’मधलं ‘मिसिंग यू’ चुकवू नका. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्विन गे गेला होता, आणि हे लायनेल रिचीने लिहिलेलं गाणं ती त्याच्यासाठी गाते. आधी मार्विन आणि टॅमीचं ‘माउंटन’ लावा, मग डायनाचं सहा मिनिटांचं, मग हे. याच क्रमाने.