वेग वाढवताना येणारा तो बारीक आवाज

काही आठवड्यांपूर्वी माझ्या गाडीचा वेग वाढवताना बॉनेटच्या बाजूने एक बारीक, कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. ॲक्सिलरेटर दाबला की तो उमटायचा, हळूहळू चढत जायचा आणि पाय उचलला की उतरायचा. एका मेकॅनिकने थोडे अंतर गाडी चालवून पाहिली आणि गिअरबॉक्स उघडावा लागेल असे सांगितले. गिअरचे दात झिजले किंवा आतील तेल कमी झाले तर असा आवाज येतो हे खरे आहे. परंतु एवढे मोठे काम केवळ अंदाजावर हाती घेणे मला पटले नाही, म्हणून आवाजाचा उगम आधी स्वतः शोधायचे मी ठरवले.

आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो की चाकांच्या वेगाबरोबर, या एका प्रश्नावर पुढचा सगळा शोध अवलंबून असतो. वेग वाढवताना इंजिन आणि चाके दोन्ही एकाच वेळी वेग घेतात, त्यामुळे नुसती गाडी चालवून हा फरक कानाला कळत नाही. मी मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरचा वेग धरून आधी चौथ्या आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चालवली. चाकांचा वेग तोच राहिला, इंजिनाच्या फेऱ्या मात्र वाढल्या आणि त्याबरोबर आवाजाची पट्टीही वर गेली. चाकाचे बेअरिंग किंवा डिफरन्शियल (चाकांना शक्ती वाटून देणारा गिअरसंच) यांपैकी काही दोषी असते, तर गिअर बदलल्यावरही पट्टी तीच राहिली असती. चाकाच्या बेअरिंगची आणखी एक ओळख अशी की, गाडी डावीकडे वळवली असता भार उजव्या बाजूवर येतो आणि उजवे बेअरिंग खराब असेल तर त्याची घरघर वाढते. माझ्या गाडीत वळणावर काहीच फरक पडत नव्हता.

त्यानंतर गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून आणि न्यूट्रलमध्ये ठेवून मी रेस दिली. आवाज जागच्या जागीही आला. येथेच गिअरबॉक्सला निर्दोष ठरवण्याची घाई होऊ शकते, पण ते चुकीचे आहे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून गती घेणारा दांडा, इंजिनाबरोबर फिरतच असतो. म्हणून मी क्लच पूर्ण दाबून थोडा वेळ थांबलो आणि पुन्हा रेस दिली. त्या शाफ्टच्या बेअरिंगचा दोष असता तर आवाज थांबायला हवा होता. तो जसाच्या तसा राहिला. गिअरबॉक्स उघडण्याचा विषय माझ्यासाठी तेथे संपला, आणि ही अर्ध्या मिनिटाची चाचणी त्या मेकॅनिकनेही करायला हवी होती असे मला मनापासून वाटते.

आता उरले होते ते इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारे भाग. माझ्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग विजेवर चालते, त्यामुळे त्याच्या पंपाचा प्रश्न नव्हता. तेलावर चालणारे स्टिअरिंग असेल तर आधी तेलाची पातळी पाहावी आणि स्टिअरिंग फिरवताना आवाज वाढतो का ते ऐकावे. पट्ट्याला बारीक भेगा पडल्या होत्या म्हणून मी तो बदलला, पण आवाज गेला नाही. पट्टा घसरला की तो केकाटतो, आणि माझा आवाज त्या जातीचा नव्हता, हे मला आधीच ओळखता आले असते.

मग धाकट्या भावाला गाडीत बसवून इंजिन स्थिर फेऱ्यांवर ठेवायला सांगितले आणि एका लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला टेकवून त्याचे टोक एकेका भागावर ठेवले. टोक फक्त न फिरणाऱ्या जागीच टेकवायचे असते, आणि सैल बाह्या किंवा मोकळे केस पट्ट्याजवळ अजिबात जाऊ द्यायचे नसतात. वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या कवचावर नुसती एकसारखी गुणगुण ऐकू आली. पट्ट्याला दिशा देणाऱ्या आयडलर पुलीच्या मधल्या बोल्टवर मात्र तोच आवाज इतका स्पष्ट आला की शंका उरली नाही. आवाजाची पट्टीही जुळत होती, कारण या पुलीचा व्यास इंजिनाच्या फेऱ्यांनी फिरणाऱ्या क्रँकच्या पुलीच्या सुमारे निम्मा आहे; इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेते तेव्हा ती जवळपास ५००० घेते.

खात्री करण्यासाठी इंजिन थंड झाल्यावर पट्ट्याच्या मार्गाचे छायाचित्र काढून ठेवले, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर सैल करून पट्टा उतरवला आणि इंजिन जेमतेम १० सेकंद चालू केले. आवाज पूर्ण बंद होता. पट्ट्याशिवाय वॉटर पंपही फिरत नसेल, तर यापेक्षा जास्त वेळ इंजिन चालवणे योग्य नाही. त्यानंतर एकेक पुली हाताने फिरवली. चांगले बेअरिंग आतील ग्रीसमुळे गुळगुळीत फिरते आणि लवकर थांबते. ही पुली कोरडी खरखर करत बराच वेळ फिरत राहिली. वंगणाचा स्प्रे मारून आवाज दाबण्याचा सल्ला अनेकदा मिळतो, पण त्याने उरलेसुरले ग्रीसही पातळ होऊन निघून जाते. असे बेअरिंग जाम झाले तर पट्टा निसटतो आणि चार्जिंगबरोबर इंजिनाचे थंड राहणेही थांबू शकते.

पुली बदलायला तासाहून कमी वेळ लागला. काही गाड्यांत या बोल्टला उलटे आटे असतात, म्हणून जोर लावण्यापूर्वी गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल पाहिले, आणि नवी पुली बसवल्यावर बोल्ट त्यात दिलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या जोरावरच) आवळला. पट्ट्याची प्रत्येक धार पुलीच्या खाचेत बसली आहे का, हे टॉर्चच्या उजेडात दोनदा तपासले. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, चौथ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पुन्हा चालवली. या वेळी फक्त इंजिनाचा नेहमीचा आवाज होता.