आबांच्या जीपचा गिअरबॉक्स आणि 88 सुया

गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची जीप 2006 पासून उभी होती. महिंद्राची सीजे-थ्रीबी, 1968 ची, पेट्रोलवाली. उंच बॉनेटची. आतलं हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. दिसायला जरा बोजड, पण आबांचा जीव तिच्यावर. आबा गेले, वडिलांनी पिकअप घेतला. जीपवर आधी ताडपत्री आली, मग वैरणीच्या पेंढ्या, शेवटी कोंबड्या.

2023 च्या दिवाळीत मी तिला बाहेर काढायचं ठरवलं. इंजिनाचं फारसं सांगण्यासारखं नाही. कार्बोरेटर धुतला, प्लग-पॉइंट बदलले, चौथ्या दिवशी धूर ओकत चालू झालं. खरी गोष्ट गिअरबॉक्सची आहे.

लिव्हर हातात मऊ लागत होता, गिअर पडल्याचा ठोका येतच नव्हता. लिव्हरच्या बुडाशी असलेला रबरी बूट फाटून लोंबत होता आणि त्याच्या बरोब्बर वर शेडच्या पत्र्याला भोक. म्हणजे सतरा पावसाळे थेंब थेंब आत. खालचा ड्रेन प्लग काढला तर आधी पेलाभर पाणी आलं, गंजाच्या रंगाचं. त्याच्या मागून तेल. पाणी जड, ते तळाला बसलेलं. तेल त्याच्यावर तरंगत होतं.

गावातले मिस्त्री आता सत्तरीचे आहेत. ते खुर्चीवर बसून सांगणार आणि हात मी चालवणार, असं ठरलं. दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, क्लचची जोडणी, खालचा क्रॉस मेंबर सोडवून गिअरबॉक्स आणि मागचा फोर बाय फोरचा डबा, म्हणजे चारी चाकांना जोर वाटून देणारा, एकत्रच जॅकवर उतरवला. यात एक अख्खा रविवार आणि माझ्या डाव्या हाताची तीन बोटं सोलून निघाली.

आता दोन्ही डबे वेगळे करायचे. गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट मागे थेट दुसऱ्या डब्यात शिरतो आणि त्याच्या टोकावर तिथला गिअर नटाने आवळलेला असतो. मिस्त्री म्हणाले, "वरचं झाकण काढ आणि दुसऱ्या गिअरच्या मागं शाफ्टला तार बांधून वढून धर. न्हाईतर शाफ्ट मागं येतोय." मी म्हटलं, बघतो. झाकण काढलं, तार काही बांधली नाही. मागचा नट सोडवून डबा हलवला, तर शाफ्ट अलगद त्याच्याबरोबर निघाला आणि आत खळ्ळकन आवाज झाला. सिंक्रोचं (गिअर न करकरता पडावा म्हणून दोघांचा वेग जुळवणारी जोडणी) हब, बाहेरची स्लीव्ह, तीन चपट्या पट्ट्या, दोन स्प्रिंगा आणि पितळी रिंगा, सगळं डब्याच्या तळाशी. स्लीव्ह हबवर कुठल्या खाचेत होती, याची खूण करायची तीही राहिली. मिस्त्री काही बोलले नाहीत. तंबाखू मळत बसले. ते मला जास्त लागलं.

त्या दिवशी सगळं बाजूला ठेवून डिझेल आणि ब्रशने पुसून काढलं. स्लीव्ह हबवर फिरवून फिरवून, सगळ्यात मोकळी जिथे सरकते ती जागा शोधली आणि दोन्हीवर पंचाने टिंब मारलं. तासभर गेला.

खालचा काउंटर शाफ्ट पितळी ठोकणीने मागच्या बाजूला काढला. त्याच्यावरचा क्लस्टर गिअर, म्हणजे एकाच तुकड्यात असलेले लहानमोठे गिअर, बारीक रोलरवर फिरतो, मिस्त्री त्यांना सुया म्हणतात. प्रत्येकी 22 च्या चार ओळी, मिळून 88. शाफ्ट निघाला तशा त्या तांदळासारख्या आत सांडल्या. चुंबकाने उचलून ताटलीत मोजल्या: 87. पुन्हा मोजल्या, तरी 87. एक सुई हरवली तर नवीन घालता येते, पण ती आत कुठे राहिली आणि दातांत आली तर दात जाणार. शेणानं सारवलेली जमीन चाळली, चपला झटकल्या. शेवटी सापडली ड्रेनच्या भोकात, आट्यांमध्ये उभी अडकून.

मग एकेक भाग उन्हात घेऊन बघितला. गंज कुठे होता ते पाहून मजा वाटली. वरचं, जे तेलाबाहेर उघडं होतं ते गंजलेलं: इनपुट शाफ्टचं बॉल बेअरिंग बोटाने फिरवलं की वाळू दळल्यासारखं करकरायचं. तळाचं, जे पाण्यात होतं ते गंजलेलं. मधलं, तेलातलं, कालच बसवल्यासारखं लख्ख. क्लस्टरचा सगळ्यात मोठा गिअर पाण्यात टेकलेला असल्यामुळे त्याच्या चार दातांवर बारीक खड्डे होते, नख अडेल एवढे. नवा क्लस्टर घ्यावा का, यावर दोन दिवस घातले. मिस्त्रींनी दात निरखून ऑइल स्टोनने कडा मारायला लावल्या आणि म्हणाले, "वाजंल जरा. मोडायचा न्हाई."

पितळी रिंग गिअरच्या सुळक्यावर दाबून पिळली की घट्ट चिकटली पाहिजे. एक चिकटत होती, दुसरी घसरत होती. दोन्ही बदलल्या. जीपचे सुटे भाग अजून मिळतात, ही या गाडीची मोठी सोय. बेअरिंगं, ऑइल सील, पॅकिंग, थ्रस्ट वॉशर आणि सुयांचा संच नवा घेतला.

सुया बसवायला कोल्हापुरात उद्यमनगरला एका लेथवाल्याकडून खोटा शाफ्ट करून आणला: मूळ शाफ्टपेक्षा किंचित बारीक आणि क्लस्टर गिअरएवढाच लांब. गिअरच्या आत व्हॅसलीन चोपडून सुया एकेक उभ्या लावल्या, मध्ये रिंगा, आत खोटा शाफ्ट. ग्रीसही चालतं, पण व्हॅसलीन तेलात लगेच विरघळतं. क्लस्टर आधी तळाशी निजवायचा, मेन शाफ्ट आणि इनपुट शाफ्ट बसले की मग उचलून खरा शाफ्ट मागून हळूहळू आत ठोकायचा. तो खोट्याला पुढे ढकलत जातो. खोटा बाहेर पडल्याचा टण्‌ आवाज आला आणि मी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. क्लस्टरची पुढे-मागे हालचाल 12 ते 18 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) हवी, म्हणजे साधारण 0.3 ते 0.45 मिलिमीटर. फिलर गेज लावलं, 14 थाऊ.

झाकणाच्या वेळी पुन्हा घोळ. झाकणातल्या, गिअर सरकवणाऱ्या दोन रॉडच्या मध्ये एक छोटा खिळा असतो, एका वेळी एकच गिअर पडू देणारा. तो ताटलीतच राहिला. टेबलावर लिव्हर हलवून बघताना दोन गिअर एकदम पडले आणि शाफ्ट जाम. बरं, गाडीवर चढवायच्या आत कळलं. झाकण पुन्हा उघडलं तेव्हा स्प्रिंग आणि गोळी उडून कडब्यात गेली, त्याचं मी इथे लिहीत नाही.

तेल 90 नंबरचं, पण जीएल-फोर दर्जाचं. पितळी रिंगांना तेच बरं, असं मिस्त्रींचं मत. मीही त्यावर वाद घातला नाही.

पहिल्या फेरीला वाघबीळच्या चढावर नेली. शेजारी वडील. पहिल्याला सिंक्रो नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबवूनच टाकायचा किंवा डबल क्लच मारायचा, म्हणजे क्लच दोनदा दाबून मध्ये न्यूट्रलला रेस द्यायची. मी दोनदा करकरवला. टॉप गिअरमध्ये डबा एकदम शांत, कारण तेव्हा जोर सरळ पुढून मागे जातो, क्लस्टरवर भार येत नाही. चढाला दुसरा टाकला की मात्र त्या चार दातांची गुणगुण सुरू.

"आवाज राहिला थोडा," मी म्हणालो.

"दुसऱ्यात ती आबांच्या हातातबी अशीच गात होती," वडील म्हणाले, आणि पुढच्या वळणावर गाडी थांबवायला लावून स्वतः स्टिअरिंगवर बसले.